मिरच्यांशेजारी वाळत घातलेले स्फटिक

मी एकदा एका पोरीची दोन वर्षं उन्हात वाळत घातली होती. सांडगी मिरच्यांच्या शेजारी. वर मलमलचा तुकडाही टाकला होता, धूळ बसू नये म्हणून. नात विचारते, "आजी, तू लॅबमध्ये काय करायचीस गं?" मी म्हणते, "नुकसान."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची सरकारी कारखान्यात बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो, आणि मला एका संशोधन संस्थेत हंगामी मदतनिसाचं काम मिळालं. काचसामान धुवायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, कपाटं लावायची. वीस वर्षांपूर्वीची बी.एस्सी. होती, तेवढ्यावर मी स्वतःला अर्धी शास्त्रज्ञ समजत होते. उरलेली अर्धी पुणेकर. म्हणजे माझं चुकेल ही शंका यायला जागाच नव्हती.

त्या लॅबमध्ये एक मुलगी पीएच.डी. करत होती. जयनगरची. तिचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी तेवढी घरापुरती टिकलेली, तीही निम्मी कानडीत मुरलेली. "सरी अक्का, स्वल्प थांबा, आलेच," असं ती म्हणाली की मी "बरं, थोडं थांबा" असं तिचं वाक्य दुरुस्त करायची. मनात नव्हे, तोंडावर! ती हसायची. "अक्का, तुमची मराठी इस्त्रीची. आमची घरात नेसायची." त्या वयात मला हे कौतुकच वाटलं.

तिचं काम असं होतं: तांबं, आयोडीन आणि नाक धरायला लावणारा एक द्रव एकत्र करून ती स्फटिक बनवायची. उजेडात पाहावं तर पांढरट, जाड्या मिठासारखे. पण काळ्या खोलीत नेऊन त्यांच्यावर अतिनील दिवा धरला की असे पिवळे उजळायचे की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "अगं बाई" म्हणून तिचा हातच धरला होता. दोन वर्षं खपून तिला हे स्फटिक मिळाले होते. पुन्हा करायला गेलं की कधी जमायचे, कधी नाही. यंदा जमले होते. सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांना दाखवायचे, मग त्यांची आतली रचना तपासायला पाठवायचे. नाही जमलं तर हा पदार्थ सोडून दुसरा विषय घ्यायचा, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

त्याच आठवड्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. दोन दिवस रजेवर जाताना म्हणाली, "अक्का, माझ्या बाटल्या जपा हं."

जपा म्हणजे आहे तशा राहू द्या. मला ते कळलं नाही. मी बाटल्या उघडून पाहिल्या, तर स्फटिक ओले! टोल्युइन नावाच्या द्रवात बुडवून ठेवलेले. माझ्या मनात आलं, पोरीची लगीनघाई, वाळवायचं राहूनच गेलं. आता ओलं काही दिसलं आणि बाहेर लख्ख ऊन असलं, की माझ्यासारख्या बाईच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. तशीही मी रोज संस्थेच्या गच्चीवर चढायचेच. आमच्या घरमालकीणबाई गच्चीची किल्ली देत नसत, म्हणून ताकातल्या मिरच्या मी डब्यातून संस्थेत आणायची आणि रखवालदाराला त्यातल्या मूठभर कबूल करून वर वाळवायची. त्या दिवशी गच्चीवर मिरच्या आणि त्यांच्या शेजारी काचेच्या बशांमधून स्फटिक. संध्याकाळी सगळं छान खुळखुळीत वाळलं. बाटल्या भरून ठेवल्या आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "माझ्यावाचून त्या लॅबचं काही खरं नाही."

ती परत आली आणि बाटल्या घेऊन सरळ काळ्या खोलीत गेली. मी मागोमाग, शाबासकीच्या आशेने. तिने दिवा लावला. स्फटिक निळे उजळले.

सुंदर निळे, खोटं कशाला बोलू? पण तिचा चेहरा त्या निळ्या उजेडात बघवेना. सर आले, त्यांनी पाहिलं आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाले, की ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही ते सोडून द्यावं, सोमवारी नव्या विषयाचं बोलू. ते गेले. आणि मी? मला आधी माझंच दिसलं. माझी हंगामी नोकरी, माझी अर्धी शास्त्रज्ञकी, दोन्ही वाचवायच्या होत्या. बेसिनपाशी जाऊन आधीच स्वच्छ असलेल्या परीक्षानळ्या पुन्हा घासत बसले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाहिलं तर ती सगळी मापं पहिल्यापासून ताडून बघत होती. वही उघडी, डोळे सुजलेले. म्हणाली, "अक्का, सगळं बरोबर आहे. माझा हातच वाईट आहे."

तिथे माझा धीर सुटला. म्हटलं, "तुझा हात चांगला आहे गं. वाईट हात माझा. मी ते उन्हात वाळवले."

"उन्हात?"

"गच्चीवर. मिरच्यांपाशी."

तिने वही मिटली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्ही मी सोसलं असतं. पण ती उठली. एका रुंद बरणीत तळाशी थोडं टोल्युइन ओतलं, वाळलेले स्फटिक एका उघड्या कुपीत घालून ती कुपी आत उभी केली आणि बरणीचं झाकण लावलं. द्रवाचा थेंब लागू द्यायचा नाही, नुसती वाफ. मग स्टुलावर बसून मला समजावलं, हातवारे करत, अर्धं कानडीत.

"हे बघा अक्का. चार तांबे, चार आयोडीन, मिळून एक ठोकळा. ठोकळ्यात तांबे अगदी जवळ जवळ, म्हणून पिवळा उजेड. ठोकळ्यांच्या मधल्या फटीत टोल्युइन बसलेलं असतं. तुम्ही ते उडवून लावलंत, ठोकळे उलगडले, लांब साखळी झाली असेल. तांबे दूर गेले. मग निळा. माणसं तीच. कँटीनमध्ये टेबलाभोवती बसली होती, तुम्ही त्यांना बसच्या रांगेत उभं केलं."

"आणि आता परत टेबलाशी बसतील?"

"गोत्तिल्ल," ती म्हणाली. माहीत नाही. तिचं वाक्य दुरुस्त करायचं त्या दिवशी मला सुचलं नाही.

रविवारी मी देवापाशी बसले आणि मनात ती बरणीच दिसत राहिली. सोमवारी आम्ही दोघी सरांच्या आधी पोचलो. काळ्या खोलीत तिने दिवा हातात घेतला, पण बटण दाबेना. "तुम्ही दाबा." मी दाबलं. पिवळे! सगळे नव्हेत, कडेचे थोडे अजून निळे होते. पण मधले पिवळे, अगदी पहिल्या दिवसासारखे.

सर आले तेव्हा मी त्यांच्यापुढे उभी राहून सगळं कबूल केलं, मिरच्यांसकट. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, किती वेळ ऊन दिलं? मी म्हटलं, "दहा ते साडेतीन. मध्ये एकदा उलथून." त्यांनी ते लिहून घेतलं! मग तिला म्हणाले, हा पदार्थ सोडू नकोस, हा का बदलतो आणि परत कसा येतो तेच शोध.

ते गेल्यावर आम्ही दोघी अंधारात तशाच उभ्या राहिलो. ती दिवा हलवत होती, एकदा निळ्यावर, एकदा पिवळ्यावर. मी विचारलं, "रागावलीस ना माझ्यावर?"

ती म्हणाली, "रागावले होते की, शुक्रवारी, बसमधून घर येईपर्यंत. आता उद्या परत वाळवायचे आहेत, अक्का, दहा ते साडेतीन, आणि मिरच्यापण आणा. त्या दिवशी होत्या, म्हणजे उद्यापण पाहिजेत."