साडूनं ओढलेली वायर

मंडळी, दुपारपासून पोटात दुखतंय. औषधानं जाणारं दुखणं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी मळवलीचा वायरमन. एका बंगल्याचं काम घेतलंय. आज मदतीला माझा साडू आला, तिकोणा पेठेचा. तोही वायरमनच.

मी नेहमीसारखं वायरचं बंडल फरशीवर टाकून भिंतीतल्या पाइपमधून ओढायला लागलो. वेढ्यागणिक पीळ पडत गेला आणि पाइपच्या वळणावर वायर गच्च अडकली. सगळी परत बाहेर काढली.

शेजारच्या खोलीत साडूनं घरून आणलेलं सायकलचं चाक पाटावर आडवं बसवलं आणि त्यावर बंडल ठेवलं. वायर ओढली की चाक गरगर फिरायचं आणि वायर सुतासारखी सरळ सुटायची. एक पीळ नाही!

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्याच्या कामाचा फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "तुमचं अजून चालूच आहे का?"

जाताना साडू म्हणाला, "चाक ठिवू का हितं? तुला लागंल."

"नगं भाऊ," मी म्हणालो. "माझी पद्धत येगळी हाय."

घरी बायकोनं विचारलं, "दाजींचं काम कसं झालं?"

"बरं हाय," एवढंच बोललो.

ती हसली. "त्यांचा आत्ताच फोन आलता. म्हणत व्हते, तुझ्या नवऱ्यासारखा पक्का जॉइंट अख्ख्या मावळात कुणी मारत न्हाई."

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसावर धड जळायचं तरी कसं?