दसऱ्याच्या आत एक विमान

रंगनाथ काका काहीही बोलायच्या आधी श्वास सोडतात. नक्कल करताना तो श्वास जमला की काका जमले. नाकातून, लांबलचक, कांद्यानं भरलेला टेम्पो चढावर गियर पाडतो तसा. मग शब्द येतो. शब्द बहुतेक एकच असतो.

"बघू."

लिफ्ट बंद पडलीय, काका. "बघू." टाकीत पाणी नाही, काका. "बघू." आणि मग खरंच गच्चीवर जाऊन बघून येतात, गुडघे कटकट वाजवत. अमृतधामच्या मागे आमची बिल्डिंग आहे, तिथं काकांची नक्कल पोराटोरांनासुद्धा येते. श्वास मात्र सगळ्यांना जमत नाही. त्यात नुसती हवा नसते, दमणूक असते.

काका ओझरच्या विमान कारखान्यात होते, रंगाच्या हँगरमध्ये. विमान जोडून, तपासून झालं की यांच्याकडे यायचं. हे घासायचे, रंगवायचे, खुणा-आकडे काढायचे, आणि ते निघून जायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी गॅलरीला काचा लावून घेतल्या, आत टेबल टाकलं आणि प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडायला घेतली. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, दीड वीत लांब. खोक्यात विमान नसतंच म्हणा. प्लास्टिकच्या जाळीला लटकलेले बारीक बारीक तुकडे असतात. एकेक कापा, घासा, चिकटवा, फटीत पुट्टी भरा, परत घासा. मग छोट्या कॉम्प्रेसरवर रंगाचा फवारा. कॉम्प्रेसर घूंऽऽ करून सुरू झाला की सगुणा काकूही सुरू व्हायच्या.

"आमच्या वणीकडं म्हातारपणी माणसं गड चढत्यात. आमचे हे चिमट्यानं विमानाची चाकं उचलू राहिले! अहो, नातवंडांची खेळणी बापानं नाही, आजोबानं नाही, कुणीच जोडली नव्हती आमच्यात. विकत आणायची आन द्यायची. प्लास्टिकचा कचरा नुसता. त्या वासानं माझी फोडणी कळत नाही मला, जळली का नाही ते!"

काका श्वास सोडायचे. कॉम्प्रेसर चालू असला तर तोही ऐकू यायचा नाही.

यंदा भर पावसाळ्यात बातमी आली की मिग-एकवीस, काकांच्या कारखान्यातलं लढाऊ विमान, आता निवृत्त होणार. त्याच संध्याकाळी पिंपळगावहून सोमनाथभाऊंचा फोन आला. सोमनाथभाऊ म्हणजे काकांचा हँगरमधला जोडीदार. विमानाची पाठ काकांची, पोट सोमनाथभाऊंचं, अशी वाटणी होती दोघांची. विडीनं छाती गेली त्यांची, आता घरीच खाटेवर असतात, नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. दोन शब्द ते बोलतात, मग मशीन बोलतं. काकांना कानाला फोन लावून ऐकू येत नाही, त्यामुळे फोन स्पीकरवर. म्हणजे जिन्यात उभं राहिलं की सगळं आपलंच.

"रंग्या, ऐकलं का? आपलं पाखरू... घरी बसवू राहिले."

"ऐकलं."

"जन्म गेला... साला. कारखान्यातनं एक बी... घरी नेता आलं नाय आपल्याला."

काका हसले. काका हसतात तेव्हाही आधी श्वास सोडतात.

"तू करतो ना ती... खेळण्यातली. मला एक करून दे. आपलं राखाडी. दसऱ्याला सोनं द्यायला येशील ना, तवा आण."

"दसऱ्यापर्यंत नाही उरकायचं रे. दिवाळीला—"

"दिवाळीचं मला... धरू नको."

"असं काय बोलतो?"

"मी नाय. डॉक्टर बोलतो."

मशीन बोललं. मग काका म्हणाले, "आणतो." बघू नाही म्हणाले. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून बघितलं, हे आपलेच का म्हणून.

तेव्हापासून काका खचतच गेले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डाव्याचा राहिला होता, त्यामुळे एका डोळ्याला पांढरं दिसायचं ते दुसऱ्याला पिवळट. राखाडी मिसळताना आधी एक डोळा झाकायचे, मग दुसरा. मान आखडायची. आणि हाताला कंप सुटलेला. ज्या हातानं आयुष्यभर विमानाच्या पाठीवर एका दमात सरळ पट्टे मारले, तो हात आता चहाच्या कपात लाटा काढायचा. काकूंची पुरणाची पितळी वाटी उपडी घालून तिच्यावर मनगट टेकवायचे, श्वास सोडायचे, आणि त्या श्वासाच्या शेवटी, हात जरा ठरला की, ब्रश टेकवायचे. एक रेघ झाली की खुर्चीत मागे पडून राहायचे. जेवायला हाका मारायला लागायच्या.

"अहो, भाकरी गार झाली!"

"हं."

"हं काय? त्या सोमनाथभाऊजींच्या आधी तुम्हालाच न्यावं लागंल दवाखान्यात!"

"हं."

पंखांवर तिरंगी चक्रं लावायचा दिवस आला. ही चक्रं कागदावर येतात. पाण्यात भिजवायची आणि ओल्या ब्रशनं हलकेच विमानावर सरकवायची. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असतात. काकांच्या हातून वरच्या पंखाचं एक चक्र सरकता सरकता दुमडलं आणि फाटलं. खोक्यात जेवढ्यास तेवढीच येतात. काकांनी ती चिंधी बाजूला ठेवली. मग पंखाच्या खालच्या बाजूसाठी असलेलं चक्र वर लावलं.

"खालून कोण बघतंय?" काकू म्हणाल्या. समजूत काढायला म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला. "सोमनाथच बघणार. पहिलं पोटच बघणार."

हँगरमध्ये एक इन्स्पेक्टर होता म्हणे, बॅटरीचा झोत टाकून विमानाखाली रांगत जायचा आणि केसाएवढा डाग दिसला की तिथूनच ओरडायचा, "येऽ क्या हैऽ? रिजेक्ट!" हे काका सांगतात तेव्हा त्यांचा आवाज एकदम तरणा होतो. 'रिजेक्ट' त्यांच्याइतकं चांगलं बिल्डिंगमध्ये कुणालाच येत नाही. मलाही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विमान झालं. म्हणजे जवळजवळ झालं. वरून पारदर्शक लॅकरचा एक हात मारायचा राहिला. तो हात बसला की रंगाला कवच येतं, तोवर तो कोरडा राखाडी रंग म्हणजे टीपकागद. पण पाऊस होऊन गेला होता, हवा दमट होती, आणि दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. "सकाळी ऊन पडलं की मारतो," काका म्हणाले आणि बुटाचं खोकं शोधून, त्यात कापूस अंथरून ठेवला.

सकाळी ऊन चांगलं पडलं. काका झेंडू आणि आपट्याची पानं आणायला पंचवटीत गेले. इकडे काकूंनी दसऱ्याची पूजा मांडली. आमच्याकडे त्या दिवशी घरात राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. काकूंच्या पाटावर शिलाई मशीन, विळी, मिक्सर, काकांचा पाना आणि पक्कड, खाली स्कूटर. दर वर्षी हेच. गॅलरीतल्या टेबलाकडे त्यांनी कधी हळदीचं बोट नेलं नव्हतं. कचऱ्याची कसली पूजा?

यंदा नेलं.

काका पिशवी घेऊन आले. चपला काढल्या. पाटाकडे बघितलं. मिक्सर आणि पक्कड यांच्या मध्ये मिग-एकवीस. नाकापासून कॉकपिटच्या काचेपर्यंत हळदीची पाच बोटं, त्यावर कुंकू, पंखांवर अक्षता आणि शेपटीला तांबडा धागा.

श्वास आला. शब्द आलाच नाही.

"नारळ तेवढा राहिलाय," काकू कौतुकानं म्हणाल्या. "म्हटलं तुम्ही आल्यावर फोडू. म्हटलं, माणूस एवढा झिजला याच्यापायी, तर हेबी हत्यारच की."

"सगुणा, हळद ओली होती का?"

"मग? कोरडी कशी चिकटंल?"

काका खाली बसले. कान साफ करायची काडी पाण्यात बुडवून एका बोटावर फिरवली. पिवळं पसरलं. थिनरची घेतली, तर हळदीखालचा राखाडी रंगच निघायला लागला आणि कुंकू गुलाबी होऊन आकड्यापर्यंत ओघळलं. काकांनी काडी ठेवून दिली.

आता काकूंच्या लक्षात आलं. "निघंल ना?"

"नाही."

"लिंबू लावू?"

"नको."

"मग परत रंगवा की."

"त्याखाली आकडा जाईल. खोक्यात दुसरा नाही."

काकू पाटाशेजारी टेकल्या. "इतकी वर्षं हात लावला नाही. आन लावला तो असा." मग म्हणाल्या, "फोन करून सांगा भाऊजींना, दिवाळीला आणतो म्हणून."

"दिवाळी..." काका म्हणाले आणि उठले. दिवाणावर आडवे झाले, हात डोळ्यांवर. झेंडूची पिशवी दारातच. भिंत पातळ आहे, आमच्याकडे सगळं ऐकू येतं. मग चपलांचा आवाज आला.

"चल," काका म्हणाले. "नारळ घे बरोबर."

पुढचं काकूंनी सांगितलं. काकूंना आवाज काढता येत नाहीत, त्या सगळ्यांना एकाच आवाजात बोलायला लावतात. त्यामुळे आवाज माझे, बाकी त्यांचं.

स्कूटरवर काकू मागे, मांडीवर बुटाचं खोकं. हायवेला प्रत्येक टेम्पोला, ट्रकला, ट्रॅक्टरला झेंडूची माळ आणि तोंडावर हळदीकुंकू. काकूंना वाटत होतं, ही सगळी वाहनं आपल्यालाच चिडवताहेत.

सोमनाथभाऊ खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, नवा सदरा घातला होता त्यांना. ऑक्सिजनचं मशीन घूंऽऽ करत होतं. काकांनी आपट्याची पानं हातात दिली, पाठीवर हात फिरवला, आणि खोकं उघडून दिलं. उभेच राहिले, शाळेत मास्तरांसमोर राहावं तसे.

सोमनाथभाऊंनी विमान पहिलं उलटं केलं.

"इथलं चक्कर?"

"फाटलं."

"हं." मग सुलटं केलं. आणि बघतच राहिले.

काकूंना राहवेना. "भाऊजी, यांची काही चूक नाही. माझ्या हातनं झालं. मी आपली पूजा..."

सोमनाथभाऊ हसायला लागले. हसता हसता खोकला आला, वत्सलाबाई धावल्या, नळी सरळ केली, पाठ चोळली. ते हातानं 'थांब, थांब' करत होते.

"वहिनी... हे तर दसऱ्याचं हाय." बोट हळदीवर. "आठवतं का रंग्या? हँगरात जे उभं असंल... त्याला फासायचे. सायेब फासायचा... त्याची बायको फासायची. फोटो काढायचे. पेढे खायचे. आन दुसऱ्या दिवशी..."

"आपण घासायचं," काका म्हणाले.

"मी घासायचो! तू नुस्ता... बादली धरायचा. काय शिव्या... घातल्या त्या हळदीला." परत हसू, परत मशीन. मग त्यांनी हात पुढे केला, बघितलंसुद्धा नाही काकांकडे. "फडकं दे."

काकांच्या खिशात फडकं होतं. काकूंना माहीतच नव्हतं ते बरोबर आणल्याचं. सोमनाथभाऊंनी ते बोटाला गुंडाळलं, विमानाच्या नाकावर टेकवलं. एकदा फिरवलं, काहीच निघालं नाही. मग फडकं उशीशी ठेवून दिलं.

"राहू दे," म्हणाले. "इन्स्पेक्शनला आता... कोण येतंय."

काका खाटेच्या कडेला बसले. काकू म्हणतात, घरातून निघाल्यापासून तेव्हा कुठे ते बसले, स्कूटरवरसुद्धा नीट बसले नव्हते. वत्सलाबाईंनी अंगणात दगडावर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा विमानासमोर ठेवला आणि चहा टाकायला गेल्या. चहा आला तेव्हा काका भिंतीला डोकं टेकून झोपले होते, बारीक घोरत. तोंड उघडं, हात मांडीवर, हाताचा कंपसुद्धा थांबलेला. वत्सलाबाई हलवायला वाकल्या तर सोमनाथभाऊंनी बोट वर केलं. विमान त्यांच्या पोटावर होतं, श्वासाबरोबर वर जात होतं, खाली येत होतं. मशीनचं घूंऽऽ चालूच होतं, आमच्या शेजारच्या गॅलरीत चालतं अगदी तसंच.

"चहा दोनदा गरम केला वत्सलाबाईंनी," काकू म्हणाल्या. "तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं."