उष्णता म्हणून सब्जा पिणारी माझी जाऊ

मैत्रिणींनो, बारामतीच्या दवाखान्यातून लिहितेय.

सकाळी वरकुट्यात डाळिंब तोडताना माझी मोठी जाऊ चक्कर येऊन पडली. तीन महिने तिची पाळी दहा-दहा दिवस चालायची, अंगावरून भरमसाठ जायचं. "उष्णता हाय," म्हणत ती सब्जाचं पाणी प्यायची. सब्जा मीच भिजवून द्यायचे!

डॉक्टरांनी कागदावर 'मेनोरेजिया' लिहिलं.

"कॅन्सर हाय का?" तिनं विचारलं.

"पाळीत प्रमाणाबाहेर रक्त जातं, त्याला असं म्हणतात. का जातंय, ते तपासू. आधी रक्त चढवायला लागेल."

मग जाऊ म्हणाली, "माझ्या आयलाबी असंच जायचं. तीबी सब्जाच प्यायची."

तिची आई चाळिशीतच गेली.

बाहेर बाकावर जावेची लेक, माझी पुतणी बसलीय. परवा तिनंही माझ्याकडं सब्जा मागितला होता.

तुमच्या घरात सब्जा कोण पितंय नि कशासाठी, विचारलंत कधी?