साहेबांच्या क्लबाचे पेढे

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही. चेंडू अंड्यासारखा का, इथूनच माझी अडचण सुरू होते. तरीही गेली चार वर्षं दर सोमवारी, शारजाहून दुबईकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, मी मोबाइलवर वेल्समधल्या एका रग्बी क्लबाचा स्कोअर वाचत आलो. कारण आमचे साहेब त्या गावचे. सुरुवात झाली ती निव्वळ मस्क्यासाठी. अप्रेझल जवळ आलं होतं.

"सर, शेवटच्या दहा मिनिटांत काय खेळले!" एवढं म्हटलं की पुरे. पुढचं सगळं साहेबच बोलत, मी मान डोलवायचो. मागच्या वर्षी त्यांच्या मिसेस इथंच, दुबईत वारल्या. त्यानंतर साहेब कामापलीकडे बोलायचे ते फक्त सोमवारी, माझ्याशी. मस्का मागे पडला, सवय उरली.

त्या क्लबाच्या स्टेडियममधल्या दोन खुर्च्या त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवल्या होत्या, एक स्वतःची, एक मिसेसची. येत्या जूनमध्ये रिटायर व्हायचं आणि तिथं जाऊन बसायचं, एवढाच बेत उरला होता.

अशात एका सोमवारी बातमी दिसली: क्लब शेजारच्या क्लबात विलीन होणार. 'अधिक बळकट संघ' वगैरे. मागून हॉर्न वाजला, म्हणून अर्धीच वाचली. पुण्याची आमची छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा शाखेत पेढे वाटले होते. मी वाटेतच गाडी थांबवून किलोभर पेढे घेतले. आनंदाची बातमी आणि हात रिकामे, हे आपल्याला जमतच नाही.

"काँग्रॅच्युलेशन्स, सर! तुमचा क्लब मोठा झाला!"

साहेबांनी पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थँक यू," म्हणाले आणि पेढा अख्खा तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले. मी डबा मजलाभर फिरवला. आमचा इजिप्शियन इंजिनियर तर "मबरूक, हबीबी!" असं अरबीत अभिनंदन करत त्यांच्या गळ्यातच पडला. साहेब एकेकाशी हात मिळवत होते.

संध्याकाळी घरी पराक्रम सांगितला. मुलीनं बातमी शेवटपर्यंत वाचली. "बाबा, हिज क्लब इज द वन क्लोजिंग. द ग्राउंड इज क्लोजिंग टू."

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, माणूस गेलेल्या घरी पेढे वाटून आलात!"

दुसऱ्या दिवशी मी केबिनच्या दारात उभा. "सर, चुकलं माझं. मला वाटलं..."

"तुम्हाला रग्बी कळत नाही, हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे."

"मग चार वर्षं?"

"विचारत तर होता तुम्ही."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आमच्यात माणूस गेलं की तेराव्या दिवशी गोडाचं जेवण असतं, सर."

"म्हणजे तुम्ही बारा दिवस लवकर आलात," ते म्हणाले आणि हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणखी दोन वर्षं इथंच काढावीत म्हणतो. तिथं जाऊन आता बसू कुठं?"

मे महिन्यात क्लबाचा शेवटचा सामना होता. साहेबांनी मला घरी बोलावलं. टीव्हीवर ते मैदान पहिल्यांदा नीट पाहिलं. साहेबांनी बोट ठेवून दोन जागा दाखवल्या. गर्दीत त्या दोनच रिकाम्या होत्या.

मग मी चार वर्षांत पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला. "सर, हे चेंडू मागेच का फेकतात?"

साहेबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चहाचे कप मांडून मला समजावायला बसले. पुढे पळायचं, पण हातानं द्यायचं ते मागच्यालाच. मीही विचारत राहिलो. सामना कधी संपला ते दोघांनाही कळलं नाही. वर पाहिलं तेव्हा लोक उठून चालले होते.

साहेब आत गेले आणि फ्रीजमधून पेढ्यांचा डबा घेऊन आले. त्याच दुकानातला. डबा माझ्यापुढे धरून म्हणाले, "आज बरोबर दिवस आहे ना?"