मास्तरांची चार मिनिटांची आई

"चालली का?" डिझाइनच्या खोलीत शिरताना, चपला काढायच्याही आधी, मास्तर हे विचारायचे. मग टेबलावरची फिल्मांची चळत डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने फर्रकन सोडायचे, आणि त्यावरची म्हातारी चार पावलं पुढे जायची. "चालली!" असं स्वतःच उत्तर देऊन ते चहा मागवायचे.

नव्वदच्या दशकात सुरतेला, पांडेसऱ्याच्या एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. साडीला जितके रंग तितक्या पारदर्शक फिल्मा. प्रत्येकीवर लाल शाईने एकेका रंगाची फुलं-पानं भरायची, मग त्यावरून छपाईची जाळी तयार व्हायची. यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कोणी कामधंदा विचारला की सांगायचे, "मी लेखक-दिग्दर्शक. साड्या हा जोडधंदा." हलत्या चित्रांचा एक सिनेमा त्यांनी टीव्हीवर पाहिला आणि तेव्हापासून हा माणूस हातचा गेला, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

गोष्ट त्यांनीच लिहिली होती. शेतावर भाकरी घेऊन निघालेली एक म्हातारी. वाट लांबतच जाते आणि बाई चालतच राहते. ही म्हातारी म्हणजे त्यांची आई. खानदेशात गावी असायची आणि डाव्या पायाने जरा लंगडायची. ते लंगडणं काही चित्रात उतरेना. मग मास्तर माझ्या डोक्यावर डबा ठेवून मला खोलीभर लंगडत चालवायचे. एकदा नेमके शेठ आत आले आणि माझ्या पायाकडे बघत त्यांनी काय लागलं म्हणून विचारलं.

"पगे वाग्युं के शुं?"

"ना शेठ," मास्तर शांतपणे म्हणाले, "ए तो मारी बा छे."

शेठ माझ्याकडे जरा वेळ बघून निघून गेले.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "भो, आई गावभर सांगते, पोरगा सुरतेला फुलं काढतो. तिला एकदा कळू दे मी काय करतो ते." आईची नजर अधू होत चालली होती, म्हणून त्यांना घाईही होती.

म्हातारीला चार मिनिटं चालवायला दोन हजारांच्या आसपास फिल्मा लागल्या. साड्या छापून झाल्यावर बाद झालेल्या डिझाइनांच्या फिल्मा मिलमध्ये पडून असत. त्या मी गरम पाण्यात सोडा टाकून धुवायचो, मग मास्तर त्यावर आई काढायचे. धुतल्यावर जुन्या फुलांचा पुसट डाग राही, पण आमच्या कामात तो दोषच नाही. उजेड अडवते ती जाड लाल शाई. पुसट डागातून उजेड आरपार जातो, जाळीवर काही उमटत नाही. त्यामुळे ना त्यांच्या मनात शंका आली, ना माझ्या.

तीन वर्षांनी अहमदाबादच्या एका ओळखीच्या माणसाने सुट्टीत चार दिवस कॅमेरा वापरू दिला. एकेक फिल्म त्याखाली ठेवून आम्ही टिपली. रीळ धुऊन आलं, आम्ही ते लावलं, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारी चालत होती, लंगडतही होती अगदी झकास. पण तिच्या अंगावर, तोंडावर आमच्या जुन्या साड्यांची फुलं लुकलुकत होती. कॅमेऱ्याला सगळे डाग दिसले होते. "आपला डोळा छपाईचा रे," एवढंच मास्तर म्हणाले. फिल्मा मी धुतल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे गणपतीत आई सुरतेला आली आणि हटूनच बसली, "माले पिच्चर दखाड." शेवटी बमरोलीच्या आमच्या वस्तीत, मंडपामागे चादर बांधून प्रोजेक्टर लावला. वस्तीतल्या बायका आमच्या मिलच्या, छपाईत डाग पडून स्वस्तात निघालेल्या साड्याच नेसायच्या. फुलं दिसताच एकच गलका झाला. "अगं बाई, ही तर माझी!" "ही आमच्या जाऊबाईंची!" चालणाऱ्या म्हातारीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मास्तर प्रोजेक्टर बंद करायला उठले, तशी आईने त्यांचा सदरा धरला.

"ऱ्हाऊ दे. चाल मनीच शे," ती म्हणाली. "पन हाई फुलंनं लुगडं तू माले कधी लिधं व्हतं रे?"

मास्तर प्रोजेक्टर तसाच चालू ठेवून तिच्या शेजारी बसले. जन्मभर त्यांनी जगाच्या बायकांसाठी फुलं काढली, आणि आई मात्र बिनफुलांचं लुगडंच नेसत आली होती.

आमची साडी नऊवारीला पुरत नाही. दुसऱ्या दिवशी छपाईच्या टेबलाशी उभं राहून मास्तरांनी कारागिराला सांगितलं, या दोन साड्यांच्या मध्ये कात्री लावू नकोस. डिझाइन त्यांचंच होतं. तो अखंड तुकडा त्यांनी नऊवार मापाचा करून आईला दिला.

तोच नेसून ती गावी निघाली. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडीत बसल्याबरोबर तिने शेजारच्या बाईपुढे पदर पसरला. "या फुलं मना पोऱ्यानी काढेल शेतस."

खिडकीशी उभे असलेले मास्तर सवयीने "लेखक-दिग्दर्शक" म्हणायला गेले, पण आईचा चेहरा बघून त्यांनी हसून मान डोलावली. गाडी गेल्यावर त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मलाही रडू येत होतं.

त्यानंतर कोणी कामधंदा विचारला की ते "फुलं काढतो," असं सांगायचे. वर्षभरात मिलमध्ये कॉम्प्युटर आले, हाताने फिल्मा भरायचं काम संपलं आणि मास्तर गावी गेले. जाताना त्यांनी आपले ब्रश आणि लाल शाईची बाटली नेली. रिळाचा डबा माझ्या टेबलावरच राहिला. मी दोनदा पत्र टाकलं, पण तो न्यायला ते आलेच नाहीत.