अकोल्याची स्पर्धा आणि दर्यापूरची सही

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्याच्या गळ्यात नाटक आपोआप पडतं. गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या स्पर्धेसाठी मी त्या थोर इंग्रज नाटककाराचा एक प्रवेश मराठीत बसवत होतो. म्हातारा राजा तीन लेकींना राज्य वाटतो. थोरल्या दोघी तोंडभरून खुशामत करतात, धाकटी नकार देते, एवढाच मामला. प्राचार्यांनी संहिता न वाचताच त्यात सामाजिक संदेश वाढवायला सांगितला.

राजा झालेला मुलगा चांदूर बाजारकडचा, घरी काळी कसदार जमीन असलेला. लेकींना राज्य देताना त्याचा हातच उठेना. "राजाले पोरगं नाही काय सर? नसलं तं पुतण्या तं असन," असं तो रोज विचारायचा. मी रोज त्याला शोकांतिका समजावून सांगायचो आणि तो रोज माझी कीव करायचा.

धाकटी करणारी मुलगी दर्यापूरकडची. नकाराचं वाक्य ती पाहुण्यांना चहा विचारावा तसं म्हणायची. बापाला ठणकावून नाही म्हण, असं ओरडून ओरडून माझाच घसा बसला.

स्पर्धा दोन दिवसांवर आली आणि तिने येणं जमणार नसल्याचं सांगितलं. स्पर्धेच्याच दिवशी तिला दर्यापूरला हक्कसोडीवर सही करायची होती. लेकीनं वडिलोपार्जित शेतातला आपला वाटा भावाला सोडायचा आणि त्या बदल्यात जन्मभर माहेरची साडीचोळी घ्यायची, अशी आमच्याकडे प्रेमळ रीत आहे. न सोडणारीला काय म्हणतात ते इथे लिहिण्याजोगं नाही. ऐन वेळी दुसरी धाकटी कुठून आणू? मी तिच्या वडिलांना फोन करून शेवटच्या तालमीला बोलावलं. लेकीचं काम पाहून विरघळतील, असा माझा होरा होता.

ते आले, पुढच्याच खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले. राजाने जिवावर उदार होऊन एकदाचं राज्य वाटलं. धाकटी नेहमीसारखीच पुटपुटली. प्रवेश संपल्यावर वडील भल्या मनानं उठले आणि म्हणाले, कॉलेजच्या इज्जतीचा सवाल आहे, पोरीला अकोल्याला घेऊन जा, सही आठवड्याभरानं करू. मी जिंकलो होतो. सगळ्यांसाठी चहा सांगितला.

ती मात्र स्टेजवरून उतरली नव्हती.

"आठवड्यानंही नाही, बाबा. मी सही नाही करत."

शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू जावं असा आवाज. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. वडील टोपी डोक्यावर चढवून माझ्याकडे वळले.

"सर, हे नाटकातलं होय काय?"

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "नाही बाबा. हे माह्यं होय."