स्लॅबच्या दिवशीचं धुकं
ओल्या सिमेंटचा वास आला की नागझिऱ्याजवळच्या आमच्या शाळेचा स्लॅब आठवतो. संध्याकाळी पाऊस येईलसं दिसत होतं, म्हणून मिस्त्रीनं सकाळच्या दाट धुक्यातच काम लावलं. मजूर कमी पडले, तेव्हा मी मास्तर असूनही रांगेत उभा राहिलो. मालाचं घमेलं मी शेजारच्या बाईला द्यायचं, तिनं शिडीवर. चेहरा दिसत नव्हता. बांगड्या वाजायच्या, गार बोटं लागायची आणि घमेलं पुढं जायचं. धुकं विरलं तेव्हा शेजारी कोणीच नव्हतं. ती बाई लांब शेकोटीपाशी बसलेली. म्हणाली, “कंबर दुखली म्हणून मी त कवाची इथंच बसून आहो जी. तुम्ही कोणाले देऊन राहिले होते?” वरून मिस्त्री ओरडला, “थांबले कायले? माल बराबर येऊन राहिला होता!” तो स्लॅब आजही गळत नाही. मी मात्र धुक्यात कोणाच्या हाती काही देण्याआधी तोंड पाहून घेतो.